सखाराम ओव्हाळ यांचा चार पानी अहवाल

‘जरा बघून सांगा’ म्हटलं की जो खरोखरच बघतो, अशा माणसाचं कुठल्याही ऑफिसात फार दिवस धड चालत नाही. सखाराम ओव्हाळचं एकतीस वर्षं चाललं, कारण एकतीस वर्षांत त्याला कुणी काही बघून सांगायला सांगितलंच नव्हतं.

‘डोंगरमाथा हॉलिडे होम्स’ या कंपनीचे मावळात, लोणावळ्यापासून कान्हे गावापर्यंत बारा बंगले आहेत. मुंबई-पुण्याचे लोक शनिवारी येऊन त्यांत गोंगाट करतात आणि सोमवारी तक्रारी लिहितात. त्या तक्रारींना उत्तरं द्यायची हे सखारामचं काम. ‘आपल्या पत्रातील गिझरविषयक मजकूर वाचून खेद झाला’ हे वाक्य तो मनापासून लिहू शकतो. मला नसतं जमलं.

मी त्याला ओळखते ते तो माझ्या वर्गात होता तेव्हापासून. बी. कॉम.च्या मुलांना इंग्रजी शिकवायचं निष्फळ काम मी तेहतीस वर्षं केलं. त्या सगळ्या काळात वहीत समास सोडून लिहिणारे विद्यार्थी मला दोन भेटले. एक सखाराम, दुसरा पुढे आमदाराचा सेक्रेटरी झाला, त्याचं सोडा. सखाराम बेडश्याहून कामशेतपर्यंत पायी यायचा आणि पुढे गाडीने. कॉलेज सुटलं की बाजारातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जायचा. तिथले खळदकरसर हातात लाकडी पट्टी घेऊन मागे उभे असत. आठ बोटं आठ जागी, आणि अंगठा फक्त स्पेसबारला. अंगठा अक्षरावर दिसला की पट्टी.

सखारामला कधी पट्टी बसली नाही. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते. साहेबाने कागद पुढे केला की त्यांचा अंगठा आपोआप शाईकडे जायचा. छप्पन साली धम्म घेतलेलं घर. पोराने शिकायचं, यावर त्या घरात कधी चर्चासुद्धा झाली नसेल. पोरगा इंग्रजी पन्नास आणि मराठी चाळीसच्या वेगाने पास झाला. वडिलांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ह्येच्यात अंगठा कुटं लावायचा?”

“कुटंच न्हाई, बाबा.”

हे सखारामनेच मला सांगितलं, आणि सांगताना हसला होता.

तर आता मुद्दा. जुलैत कान्ह्याच्या बंगल्यावर एका सकाळी पाणी नव्हतं. सातपासून बारापर्यंत. साबण लावून बसलेल्या एका बाईंनी इंटरनेटवर असा काही अभिप्राय लिहिला की शार्दूलची झोप उडाली. शार्दूल म्हणजे मालक दिगंबरशेठ यांचा चिरंजीव. परदेशात मॅनेजमेंट शिकून आला आहे आणि दोन वर्षं झाली, गादी सांभाळतो आहे. शेठचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, ते घरी काळा चष्मा लावून पडून असतात. त्यामुळे शार्दूलला अडवायला कुणी नाही.

त्याने मीटिंग घेतली आणि निदान केलं की आपला प्रॉब्लेम कम्युनिकेशनचा आहे. बंगल्यांवरचे केअरटेकर ऑफिसच्या ग्रुपवर लिहीत नाहीत, बोललेले निरोप रेकॉर्ड करून सोडतात. हे प्रोफेशनल नाही. पंपाची मोटर जळाली हे कुणी लिहून कळवलं नाही, म्हणून पाहुणे पाण्यावाचून बसले. उपाय काय? तर त्याने एक फोन शोधून काढला होता. खास धंदेवाल्यांसाठी, वर काच आणि खाली खरीखुरी दाबायची बटणं. नमुन्याचा एक आणला होता. सखाराम तोवर ग्रुपवर नव्हता, त्या फोनमुळे आला.

“ओव्हाळकाका, तुम्ही टायपिंगमधले मास्टर. दोन आठवडे वापरा, इव्हॅल्युएट करा आणि रिपोर्ट द्या. मग बारा मागवू. आणि हो, तुमच्या एक्स्टेन्शनचं पण आहे ना? दोन वर्षं देऊ. रिपोर्ट आला की एकदमच सह्या करून टाकू.”

सखाराम तीस सप्टेंबरला अठ्ठावन्न पूर्ण करून घरी बसणार होता. घरी म्हणजे बेडश्याला, सरूबाईसमोर. सरूबाई त्याची बायको. तिने आधीच सांगून ठेवलंय, “रिटायर झालासा तर म्हशी तुमच्याकडं.” म्हशी तक्रार लिहीत नाहीत, त्यांना उत्तर काय देणार? मुदतवाढ त्याला हवी होती, अगदी हवी होती. त्या अटीतून शहाण्या माणसाने काय समजायचं ते त्यालाही समजलं होतं. पण त्याला इव्हॅल्युएट या शब्दाचा अर्थही माहीत होता, तिथे घोटाळा झाला.

रविवारी तो फोन स्वच्छ रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. बटणं मसुराच्या डाळीएवढी. त्याने फोन टेबलावर ठेवला, ताठ बसला, मनगटं उचलली आणि आठ बोटं वर टेकवली. फोन दिसेनासा झाला.

“मॅडम, एका बोटाखाली तीन अक्षरं येतात.”

“अरे, हातात धर आणि अंगठ्यांनी मार. तुमच्या ऑफिसातली तेजल मारते तसं.”

“अंगठ्याने नाही लिहायचं, मॅडम.”

“का? खळदकरसर वारले.”

“सर वारले. पद्धत नाही वारली.” मग म्हणाला, “आणि आमच्या घरातला अंगठा बाबांबरोबर गेला.”

मी चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात त्याने उपाय काढला. फोन टेबलाला चिकटपट्टीने पक्का केला आणि खोडरबरवाल्या दोन पेन्सिली उलट्या धरून रबराने बटणं दाबायला लागला. ऑफिसात लोक बघायला येत. सखारामने लक्ष दिलं नाही, कारण त्याची तुलनात्मक चाचणी चालू होती. तेजल, म्हणजे समोरच्या काउंटरवर बसणारी मुलगी, तिच्या काचेच्या फोनवर, आणि हा बटणांवर. उतारा तोच, घड्याळ तेच. तेजलचे एका मिनिटात चव्वेचाळीस शब्द, चुका नऊ. त्यातल्या चार फोनने स्वतःच्या मनाने केलेल्या. सखारामचे अकरा शब्द, चूक शून्य.

“काका, अकरा शब्दांत पाहुणा परत दादरला पोचेल,” तेजल म्हणाली.

“पोचू दे. पत्र शुद्ध पोचेल.”

शार्दूलने एक छापील फॉर्मही दिला होता. त्यात ‘हा फोन वापरताना तुम्हाला किती आनंद झाला?’ असा प्रश्न आणि पुढे पाच तोंडं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. सखारामने तिथे लिहिलं, ‘आनंद हा कार्यालयीन निकष नाही. रकाना रिकामा सोडला आहे.’ मी तेहतीस वर्षांत इतकं चांगलं वाक्य तपासलं नव्हतं.

इथवर ठीक होतं. फॉर्म भरून दिला असता तर मुदतवाढ खिशात होती. पण एक दिवस तो म्हणाला, “मॅडम, फोन मागवायचेत कुणासाठी? केअरटेकरसाठी. मग त्यांच्या हातात देऊन बघायला नको?” आणि मोटारसायकल काढून कान्ह्याला गेला.

कान्ह्याच्या बंगल्यावर बयाबाई आहे. साठीची, सडपातळ, चौथीपर्यंत शाळा. सखाराम पोचला तेव्हा ती पाहुण्यांची भांडी घासत होती. पुढचं संभाषण त्याने मला शब्दाला शब्द सांगितलं. तो लघुलेखनही शिकलाय, त्यामुळे त्याच्या सांगण्यात मीठमसाला नसतो.

“बयाबाई, हात पुसू नका. तसंच दाबा.”

“अवो भाऊ, फोन बिघडंल की.”

“बिघडू द्या. तेच बघायला आलोय.”

तिने ओल्या, साबणाच्या बोटाने बटण दाबलं. अक्षर उमटलं. मग तिच्या स्वतःच्या काचेच्या फोनला तेच बोट लावलं, तर तो भलतीकडेच धावत सुटला. सखारामने वहीत नोंद केली: ओल्या हाताने चालतो. आपल्याकडे चार महिने सगळ्यांचेच हात ओले असतात. गुण पाचपैकी पाच.

“आता लिहा, मोटर जळाली.”

“कशानं लिव्हू? ही समदी इंग्रजी किडामुंगी हाय. मी आपली बोलते नि सोडते. तवा बी बोललेच की!”

“तेव्हा म्हणजे केव्हा?”

“मोटर जळली तवा. धाकल्या सायबानं समद्यांम्होरं इचारलं, का न्हाई कळवलं म्हून. म्या म्हनलं, कळवलं. तर म्हनं, कुटं लिवलंय दाखव. आता बोललेलं कसं दावायचं, भाऊ?”

“ऐकवा.”

तिने पदराला हात पुसून फोन काढला. ग्रुपवर त्या दिवशीचा निरोप होता, सकाळी सात वाजून दहा मिनिटांचा: “सायेब, कान्ह्याची बया बोलत्ये. मोटर जळलीया. पावनी आंघुळीला बसल्यात, पानी न्हाई. कुनाला तरी धाडा. लवकर धाडा, त्येंच्यात एक बाई लय तोंडाळ हाय.”

आपला निरोप कुणी ऐकला हे त्या फोनवर दिसतं. सखारामने यादी काढली. दोघांनी ऐकला होता. एक तुंगार्लीच्या बंगल्यावरचा मारुती, सगळ्या बंगल्यांची दुरुस्ती त्याच्याकडे असते. त्याने उत्तरादाखल वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. दुसरे खुद्द दिगंबरशेठ. शार्दूलचं नाव नव्हतं. सखारामने मागचे निरोप पाहिले. बयाबाईचे महिन्याभरातले छत्तीस निरोप, आणि शार्दूलने त्यातला एकही ऐकलेला नाही.

तो थेट माझ्याकडे आला.

“मॅडम, फोनला दोष नाही. फोनची गरजच नाही. बाईने कळवलं होतं. साहेबांनी ऐकलं नाही.”

“हे लिहिणार आहेस?”

“चाचणीत निघालं ते लिहायला नको?”

“अरे गाढवा, तुझी मुदतवाढ त्याच्या हातात आहे. चार ओळी लिही. बटणं चांगली, ओल्या हाताला चालतात, त्यांवर मराठी अक्षरं छापलेली नाहीत, आपला नम्र. संपलं.”

“पुराव्याशिवाय विधान करू नये आणि पुरावा असताना विधान टाळू नये, हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं असेल. शिकवलेलं सगळं पाळायचं असतं का?”

तो वही बंद करून उठला. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत पेन्सिली आपटत बसला आणि त्याच फोनवर अहवाल लिहिला. चार पानं. नियमच तसा, म्हणाला. ज्या यंत्राची परीक्षा, त्याच यंत्रावर. बटणांवर छापलेली अक्षरं इंग्रजी असली तरी मराठी टायपिंगच्या जागा त्याला पाठ होत्या. पहिल्या दोन पानांत वेग, चुका, ओल्या हाताची चाचणी. तिसऱ्या पानावर बयाबाईचा निरोप, वेळेसह, आणि खाली: ‘सदर निरोप श्री. मारुती व मा. दिगंबरशेठ यांनी ऐकला. मा. शार्दूलसाहेबांनी आजतागायत ऐकलेला नाही.’

“बापाचंही नाव घातलंस?” मी विचारलं.

“ऐकला होता त्यांनी, मॅडम.”

चौथ्या पानावर निष्कर्ष. फोन घेऊ नयेत. साहेबांनी रोज निरोप ऐकावेत, वेळ सुमारे पंधरा मिनिटे.

शुक्रवारी त्याने अहवाल छापून दिला. मी आपली संध्याकाळभर दाराकडे बघत होते. सातच्या सुमाराला आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

“गेली ना मुदतवाढ?”

“मिळाली.”

“मग तोंड असं का?”

“वाचलाच नाही, मॅडम. पानं उलटली, विचारलं, काका, हे सगळं याच्यावर टाइप केलंत? हो म्हटलं. एकपण चूक नाही? नाही म्हटलं. तर म्हणाले, अमेझिंग, यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे! बारा फोनची ऑर्डर सोमवारी जाणार. मला दोन वर्षं वाढवून देणार आणि केअरटेकरना बटणांवर लिहायला शिकवायला नेमणार. पदाचं नाव कीबोर्ड चॅम्पियन.”

मी हसले. मला आवरलंच नाही. चुकांशिवाय लिहिल्याची इतकी शिक्षा कुणाला झालेली मी पाहिली नव्हती.

“हसू नका, मॅडम. दिवाळीपर्यंत जो शिकणार नाही त्याच्या जागी दुसरा माणूस बघणार. बयाबाई काय शिकणार?”

“सखाराम, ऐक माझं. पत्रावर सही होऊ दे. तोवर तोंड उघडू नकोस. मग बघू.”

“तोवर ऑर्डर गेलेली असेल.”

एवढं बोलून तो चहा न घेता गेला. हट्टी माणसाला सल्ला देऊन माझी शक्ती वाया जाते, हे मला या वयात कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता त्याने ऑफिसात बसून अहवाल हातात घेतला, आणि आयुष्यभर ज्या गोष्टीला नावं ठेवली ती केली. ग्रुपवर बोललेला निरोप सोडला. तर्जनीने बटण दाबून धरलं, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. चारही पानं वाचली. आणि वाचली कशी? कारकुनाला मजकूर सांगावा तशी. “सदर निरोप मारुती व माननीय दिगंबरशेठ यांनी ऐकला पूर्णविराम. माननीय शार्दूलसाहेबांनी आजतागायत ऐकलेला नाही पूर्णविराम. नवा परिच्छेद.” अकरा मिनिटं. तेजलने सांगितलं, स्वल्पविराम एकही सुटला नाही.

शार्दूल असले निरोप ऐकत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. त्यानेही वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. पण दिगंबरशेठना डॉक्टरांनी वाचायला आणि टीव्ही बघायला बंदी केलेली. त्यांना दिवसभर दुसरा उद्योग नाही. त्यांनी अहवाल ऐकला. दोनदा.

सोमवारी सकाळी, ऑर्डर जायच्या आत, शेठनी दोघांना घरी बोलावलं. शार्दूल सोफ्यावर, सखाराम दाराशी उभा.

“ओव्हाळ, अकरा मिनिटं बोललास. पूर्णविरामासकट.”

“हो, शेठ.”

“माझं नाव कितव्या पानावर?”

“तिसऱ्या.”

“मी ऐकलं होतं त्या बाईचं. मला वाटलं, शार्दूल बघतोय.”

“पप्पा, मारुतीने बघायला पाहिजे होतं. मेंटेनन्स त्याच्याकडे आहे.”

“मारुतीला फोन केला मी. त्याला वाटलं, मी मालक ऐकतोय म्हटल्यावर झालंच काम.” शेठनी काळा चष्मा सारखा केला. “म्हणजे तिघांनी मिळून एक मोटर दुरुस्त केली नाही, आणि दंड म्हणून बारा फोन घ्यायचे. ते रद्द कर. आणि त्या बाईला दिवाळीची धमकी तू दिलीस ना? तू स्वतः जाऊन परत घे.”

“पण पप्पा, टेक्स्ट कल्चर—”

“तुझं कल्चर माझे डोळे बरे झाले की वाचतो.”

मग सखारामकडे तोंड करून म्हणाले, “ओव्हाळ, हा दोन वर्षं म्हणाला होता ना? मी एक देतो. खरं लिहिणारा माणूस ऑफिसात पाहिजे, पण दोन वर्षं मला सोसवायचा नाही.”

“एक पुरे, शेठ.”

“काम असं. रोज सकाळी सगळ्यांचे निरोप ऐकायचे, स्वच्छ कागदावर उतरवायचे आणि याच्या टेबलावर ठेवायचे. हा वाचेल. नाही वाचला तर मला वाचून दाखवायचे.”

मुदतवाढीचं पत्र सखारामलाच टाइप करावं लागलं. ऑफिसात दुसऱ्या कुणाला पत्र लिहिता येत नाही. ‘आपली सेवा एक वर्षाने वाढविण्यात आनंद होत आहे’ असा मजकूर शार्दूलने सुचवला होता. सखारामने ‘आनंद’ काढून टाकला.

परवा रविवारी तो कागदांची गुंडाळी घेऊन आला. पहिल्या आठवड्याचे निरोप. एकशे चार. त्यातले साठ एकट्या बयाबाईचे. कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर ती बोलतच सुटली आहे. टाकीचं झाकण, कुत्री, पाहुण्यांचे पोहण्याचे कपडे, सगळं.

“मॅडम, हा एक जरा अडचणीचा आहे.” त्याने वाचून दाखवला: “धाकल्या सायबाला म्हनावं, माफी मागाया आलतास, बरं वाटलं. पन चा पिऊन तसाच गेलास. टाकी बघितली न्हाईस. पुन्यांदा येशील तवा पान्याचं दोन हंडे खांद्यावर घिऊन टाकीपतुर चढून बघ. मग त्या पावन्या बाईपरास तूच तोंडाळ हुशील.”

“उद्या सकाळी हे साहेबांच्या टेबलावर जायचंय,” सखाराम म्हणाला. “जसंच्या तसं लिहू?”

“पत्रावर सही झाली का?”

“काल झाली. शिक्क्यासकट.”

“मग लिही,” मी म्हटलं.